'परत कधी खेळणार?' हे विचारू नका, सोबत कोण आहे ते विचारा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

पत्र लांबणार आहे. जागा नसेल तर सुरुवात कापा, शेवट कापा, पण टेक्ससचा आणि माझ्या भावाचा भाग तेवढा ठेवा ही विनंती, कारण पत्र त्यासाठीच लिहितेय.

विनोद कांबळीच्या बातम्या आपण सगळेच बघतोय. ऑगस्ट 2024 मध्ये त्याला नीट चालता येत नाही असा एक व्हिडिओ फिरला, मग डिसेंबरात शिवाजी पार्कला आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात त्याने सचिनचा हात घट्ट धरून ठेवलाय तो व्हिडिओ फिरला, मग हॉस्पिटल, आणि 1 जानेवारी 2025 ला डिस्चार्ज मिळाला तेव्हा इंडियाची जर्सी घालून हातात बॅट घेऊन तो शॉट मारून दाखवत होता आणि लोकांना सांगत होता की दारूपासून लांब रहा. मला ते बघून रडू आलं. घरात बाकीच्यांना कळेना हिला काय झालं. आणि त्याच व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते इथे लिहायचीसुद्धा इच्छा नाही. स्वतःच्या हाताने वाट लावून घेतली, सचिन बघ कुठे गेला आणि हा बघ, असलंच सगळं. पेपरांचे मथळेही फार वेगळे नव्हते हो, शब्द तेवढे जरा सभ्य.

आम्ही परळचे. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्डला शारदाश्रमच्या त्या दोन पोरांनी 664 ची पार्टनरशिप केली तेव्हा मी शाळेत होते आणि आमच्या चाळीत क्रिकेट न कळणाऱ्या बायकांनासुद्धा 664 हा आकडा पाठ झाला होता. विनोद नाबाद 349, सचिन नाबाद 326. म्हणजे जास्त रन विनोदच्या होत्या हे आता किती जणांना आठवतं? मग 1993 ला वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध 224, लगेच पुढच्या टेस्टला दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध 227. टेस्टमधल्या हजार रन त्याने 14 इनिंग्जमध्ये केल्या. आणि 1995 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याची टेस्ट करिअर संपली, ॲव्हरेज 54 चं असताना. तेवीस म्हणजे काय वय असतं. आमच्या घरात तेविसाव्या वर्षी मुलाला साधा गॅस नंबर लावायला पाठवला तरी आई दोनदा फोन करायची.

मी कांबळीला ओळखत नाही, त्याच्या घरात काय झालं मला माहीत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मी यापुढे काही बोलणार नाही. मला दुसऱ्याच एका खेळाडूबद्दल सांगायचंय. तो आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, पण त्याची गोष्ट मी जवळून बघितलीय.

2008 ते 2013 आम्ही टेक्ससमध्ये होतो, डॅलसच्या बाजूला अर्व्हिंगमध्ये. मिस्टरांची नोकरी होती, मला व्हिसामुळे काम करता येत नव्हतं, मुलं लहान. तिथे शेजारच्या बाईंनी मला बेसबॉल शिकवला. आधी फार कंटाळा यायचा, पण होम रन म्हणजे आपला सिक्सरच की, एवढं कळलं की पुढचं हळूहळू कळतं. तिथल्या टेक्सस रेंजर्स टीममध्ये जॉश हॅमिल्टन नावाचा खेळाडू होता. स्टेडियममध्ये त्याचं नाव पुकारलं की अख्खं पब्लिक उभं राहायचं. मी शेजारणीला विचारलं, एवढं काय आहे याचं. तिने मला जे सांगितलं त्याबद्दल मी त्या रात्री घरी येऊन परत परत वाचत बसले, कारण तेव्हा इकडे मुंबईत माझा सख्खा भाऊ रोज पिऊन घरी येत होता आणि मी तिकडे फोनवर आईचं रडणं ऐकत होते.

हॅमिल्टन नॉर्थ कॅरोलिनातला. 1999 साली ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवीन पोरं निवडून घेतात त्यात, टँपा बेच्या टीमने त्याला अख्ख्या देशात पहिल्या नंबरला उचलला. अठरा वर्षांचा होता. सही करायचे जवळपास चाळीस लाख डॉलर. त्याचे आईवडील नोकऱ्या सोडून त्याच्यासोबत गावोगाव फिरायचे, जेवण, कपडे, सगळं तेच बघायचे. 2001 मध्ये त्यांच्या गाडीला ट्रकने धडक दिली, आईला लागलं, आईवडील उपचारासाठी घरी परत गेले आणि हा पोरगा आयुष्यात पहिल्यांदा एकटा पडला. पाठीला दुखापत, खेळ बंद, खिशात पैसा, दिवसभर करायला काही नाही. तर हा एका टॅटूच्या दुकानात जाऊन बसायला लागला. तिथल्या लोकांनीच त्याला पहिल्यांदा दारू दिली आणि त्याच रात्री कोकेन. पुढे क्रॅक. 2003, 2004, 2005 अशी तीन वर्षं तो एकही मॅच खेळला नाही, त्यात बंदी पण आली. ज्याच्यासाठी टीमने चाळीस लाख मोजले होते तो ऑक्टोबर 2005 मध्ये एका मध्यरात्री आजीच्या दारात उभा होता, अंगावर नुसती हाडं राहिलेली.

आजीचं नाव मेरी होल्ट. तिने त्याला आत घेतला, खायला घातलं, खोली दिली. आणि त्याने तिच्याच घरात परत नशा केली. तेव्हा त्या म्हातारीने त्याला समोर बसवून सांगितलं की तू असा मरताना मी बघणार नाही, हे या घरात चालणार नाही. तो स्वतः सांगतो की तिथून तो थांबला.

आता इथे बघा, त्याला लगेच कुणी मैदानात नाही उतरवला. फ्लोरिडात क्लिअरवॉटरला एक बेसबॉल ॲकॅडमी होती, तिथे त्याला ठेवून घेतलं, पण अट अशी की आधी काम करायचं. पहिल्या नंबरचा खेळाडू तिथे संडास साफ करायचा, मैदानावर दाताळं फिरवायचा, रात्री ऑफिसात हवेची गादी फुगवून झोपायचा, आणि त्याबदल्यात संध्याकाळी त्याला बॅट हातात मिळायची. हे वाचताना मी शंभरदा आमच्या दादूचा विचार केला. (दादू म्हणजे माझा धाकटा भाऊ, घरातलं नाव.) बंदी उठली जून 2006 मध्ये. त्या डिसेंबरात शिकागोच्या टीमने त्याला फक्त पन्नास हजार डॉलरला उचलला आणि सिनसिनाटीला लाखाला विकला. 2 एप्रिल 2007 ला तो पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये बॅट घेऊन उभा राहिला तेव्हा पब्लिक उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि समोरच्या टीमचा कॅचरसुद्धा, म्हणजे आपला विकेटकीपरच, हळूच त्याला म्हणाला की हे तुझंच आहे, मनात साठवून घे.

2008 ला तो टेक्ससला आला. दरवर्षी होम रन मारायची स्पर्धा असते, ती त्या वर्षी न्यूयॉर्कला यँकी स्टेडियममध्ये होती, त्यात त्याने एका राउंडमध्ये 28 होम रन मारले. ती रात्र मी टीव्हीवर लाइव्ह बघितली, मुलीला मांडीवर घेऊन. 2010 ला तर तो अमेरिकन लीगचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर झाला. तर पेपरवाल्यांना एवढीच गोष्ट आवडते. पडला, उठला, जिंकला. पण ही गोष्ट अर्धी आहे आणि अर्धी गोष्ट सांगून आपण पेशंटचं आणि घरच्यांचं फार नुकसान करतो असं माझं अगदी ठाम मत आहे.

उरलेली अर्धी अशी. हॅमिल्टनसोबत टीमने एक माणूस ठेवला होता, जॉनी नॅरन. कोच म्हणून नेमलेला, हॅमिल्टनला शाळकरी असल्यापासून ओळखणारा. दौऱ्यावर गेलं की खेळाडूंना जेवणाखाणाचे रोख पैसे मिळतात, हॅमिल्टनचे पैसे नॅरन घ्यायचा आणि लागतील तसे द्यायचा, कारण खिशात कॅश म्हणजे धोका हे हॅमिल्टनला स्वतःलाच माहीत होतं. सोबत जेवायचं, सोबत प्रार्थना. आठवड्यातून तीनदा लघवीची टेस्ट. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 2010 मध्ये टीम जिंकली की ड्रेसिंग रूममध्ये एरवी शॅम्पेन उडवतात ना, तर बाकीच्या खेळाडूंनी आधी त्याला जिंजर एलने, म्हणजे आल्याच्या सोडावॉटरने, आंघोळ घातली. म्हणजे त्याला बाहेर कोपऱ्यात उभं नाही केलं, आनंदच त्याच्यासाठी बदलून घेतला. तो सीन बघून मी मुंबईला फोन केला आणि आईला सांगितलं. आईला बेसबॉल म्हणजे काय ते माहीत नव्हतं पण सोडावॉटरचं तिला बरोबर कळलं.

आणि एवढं सगळं असूनही स्लिप झाल्या, म्हणजे सुटलेली दारू परत घेतली गेली. 2009 च्या जानेवारीत ॲरिझोनात एका बारमध्ये, फोटो बाहेर आले, त्याने पत्रकारांसमोर बसून कबूल केलं. नंतर 2011 चा सीझन संपल्यावर नॅरन दुसऱ्या टीमला गेला. त्याच्या जागी हॅमिल्टनचे सासरे येणार होते, ते स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले, पण त्यांनी नंतर नाही म्हटलं. म्हणजे जुना माणूस गेला, नवा अजून ठरला नाही, आणि बरोब्बर त्या मधल्या दिवसांत, जानेवारी 2012 च्या शेवटी, डॅलसमध्ये तो परत प्यायला. ही बातमी आली तेव्हा आम्ही तिथेच होतो. लोक म्हणत होते की एवढे पैसे मिळतात, एवढं प्रेम मिळतं, तरी कसा काय. माझ्या डोक्यात एकच, अरे त्याच्यासोबत त्या रात्री कोण होतं? त्यानंतर टीमने नवीन माणूस दिला आणि त्याच वर्षी मे महिन्यात बाल्टिमोरला त्याने एका मॅचमध्ये चार होम रन मारले.

पुढे तो कॅलिफोर्नियात एंजल्सकडे गेला, पाच वर्षांचे साडेबारा कोटी डॉलर. 2015 ला परत स्लिप झाली, ती त्याने स्वतःहून जाऊन सांगितली. टीमच्या मालकाला ते पटलं नाही, आणि दोनतीन महिन्यांत त्याला परत टेक्ससला पाठवून दिलं. स्वतःहून सांगणाऱ्याला अशी वागणूक मिळाली तर दुसरा कोण सांगेल? 2015 नंतर गुडघ्यांमुळे तो खेळला नाही. पुढे 2019 ला त्याला घरातल्या एका प्रकरणात अटक झाली, त्यात 2022 ला त्याने कमी कलमाखाली गुन्हा कबूल केला. हेही मी मुद्दाम लिहितेय. मला त्याला संत करायचं नाहीये. व्यसन सुटलं म्हणजे माणूस सगळीकडून सुधारला असं नसतं आणि बिघडला म्हणून त्याने काढलेले सोबर, म्हणजे नशेविना गेलेले, दिवस खोटे ठरत नाहीत.

आता दादू. तो कबड्डी खेळायचा, व्यावसायिक गटात, कंपनीच्या टीमकडून, नोकरी पण त्यावरच लागलेली. डावा कोपरा. त्याची पकड लागली की रेडर सुटायचा नाही, आमच्याकडे मॅटच्या आधी मातीतल्या मैदानावर रात्री लाइट लावून मॅच व्हायच्या तिथे लोक त्याचं नाव घेऊन शिट्ट्या मारायचे. मॅच जिंकली की रात्री बैठक ठरलेली, हरली तरी ठरलेली. कुणीतरी स्थानिक नेता बक्षीस द्यायचा आणि त्याच नेत्याची माणसं बाटल्या द्यायची. घरात सगळ्यांना माहीत होतं, आम्ही म्हणायचो खेळाडू आहे, दमतो, दोन घेतल्या तर काय. ही चूक आमची, घरच्यांची, मी मान्य करते. मग गुडघ्याचं लिगामेंट गेलं. कंपनीने टीममधून काढलं, नोकरी ठेवली पण बसवलं एका टेबलावर जिथे काही कामच नव्हतं. दोनचे आठ कधी झाले कळलं नाही.

2012 मध्ये आम्ही त्याला पुण्याला मुक्तांगणला नेला. मी टेक्ससवरून सहा आठवड्यांसाठी आले होते. मुक्तांगण म्हणजे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं, पुलं आणि सुनीताबाईंच्या मदतीतून उभं राहिलेलं, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तिथे त्याला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की हा आजार आहे आणि तू फक्त आजचा दिवस बघ. तिथे समजावणारे कित्येक जण स्वतः कधीकाळी पेशंट म्हणून आलेले, त्यामुळे त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत. मलाही तिथे बसवून सांगितलं की ताई तुम्ही त्याला पैसे पाठवणं आधी बंद करा. मी अमेरिकेतून दर महिन्याला पाठवत होते, बहिणीचं प्रेम म्हणून.

तो बरा होऊन आला आणि सगळ्यांनी त्याला एकच विचारायला सुरुवात केली, काय मग, परत कधी उतरणार मैदानात? नातेवाईक, मंडळाची पोरं, कंपनीतले, सगळेच. चांगल्या मनाने विचारायचे. आणि तोही तेच धरून बसला. सकाळी साडेपाचला उठून पळायचा, गुडघ्याला पट्टी बांधून सपाट्या, डाएट, सगळं. वर्ष-दीड वर्ष त्याच आशेवर तो दारूपासून लांब राहिला हे खरंय, त्यामुळे आशा वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. पण वय चौतीस, गुडघा गेलेला. आम्हाला दिसत होतं, बोलायची हिंमत कुणाची झाली नाही.

2014 च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. ज्या पोरांना त्याने ढोपर कसं धरायचं ते शिकवलं होतं त्यांच्या वयाची पोरं टीव्हीवर, रंगीत जर्सी, लाखांची बोली. पहिले काही दिवस तो खुशीत बघायचा, आम्हाला समजावून सांगायचा. 31 ऑगस्टला फायनल होती, मुंबईतच, यू मुंबा आणि जयपूर. गणपतीचे दिवस, घरात पाहुणे. यू मुंबा हरली. दादू चप्पल घालून खाली गेला आणि रात्री दोन वाजता दोन माणसांनी उचलून वर आणला. दोन वर्षांच्या आसपासची सोबरायटी त्या एका रात्रीत गेली असं आम्हाला वाटलं. त्या रात्री त्याच्यासोबत कोण होतं? घर माणसांनी भरलेलं होतं आणि त्याच्यासोबत कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुक्तांगणमधल्या त्याच्या ग्रुपमधला एक मित्र ठाण्याहून आला. ओरडला नाही, काही नाही. म्हणाला स्लिप झाली, ठीक आहे, काल गेला, आज काय करायचं बोल. त्या माणसाने पुढचं सगळं वर्ष रोज रात्री साडेनऊला दादूला फोन केला. रोज. पगाराच्या दिवशी तो स्वतः यायचा, दोघं मिळून पैसे वहिनीच्या हातात द्यायचे. मी हॅमिल्टनच्या नॅरनची गोष्ट त्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला, ताई आम्हाला कुणी कोच म्हणून पगार देत नाही पण काम तेच आहे.

आता मला संपादकांना आणि क्रीडा संघटनांना जे सांगायचंय ते हेच. आपल्याकडे खेळाडू कोसळला की सत्कार निधी काढतात, चेक देतात, फोटो छापतात. पैसे लागतात, नाही असं नाही, 1983 च्या टीममधल्या मोठ्या लोकांनी कांबळीला मदतीची तयारी दाखवली त्याचा मला फार आदर वाटला. पण दारूच्या पेशंटच्या हातात नुसता पैसा म्हणजे काय ते मी स्वतःच्या पैशाने शिकलेय. तुमच्या असोसिएशनमध्ये फिजिओ असतो, ट्रेनर असतो, आता तर व्हिडिओ बघणारा वेगळा माणूस असतो. एक माणूस असा ठेवा की जो स्वतः यातून गेलाय, आणि त्याचं काम एवढंच की इंज्युरी झाली, टीममधून नाव गेलं, रिटायर झाला, त्या दिवसापासून त्या खेळाडूला रोज फोन करायचा. इंग्लंडमध्ये आर्सेनल या फुटबॉल टीमचा कॅप्टन टोनी ॲडम्स, दारू पिऊन गाडी चालवली म्हणून जेलमध्ये जाऊन आलेला, 1996 ला सगळ्यांसमोर म्हणाला की मी अल्कोहोलिक आहे. त्यानंतरही तो कॅप्टन राहिला, लीग जिंकला, आणि 2000 साली त्याने खेळाडूंसाठीच स्पोर्टिंग चान्स नावाचं क्लिनिक काढलं. आपल्याकडे मुक्तांगण आहे, मुंबईत फादर जो परेरांची कृपा फाउंडेशन आहे, अनुभवी माणसं आहेत. क्रिकेट असो, कबड्डी असो, कुस्ती असो, संघटनांनी त्यांचा दरवाजा वाजवायला काय हरकत आहे? आणि बक्षीस समारंभाच्या रात्री मंडळांनी जी सोय करायची ती सोडावॉटरची करावी.

पेपरवाल्यांनाही विनंती. झोकांड्या खाणाऱ्या माणसाचा फोटो छापू नका, त्याची मुलं शाळेत जातात. 'पुन्हा घसरला' असा मथळा देऊ नका. अशी बातमी छापाल तेव्हा खाली सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा 14446 हा नंबर तेवढा छापा, दोन ओळींची जागा लागते. आणि उपचार घेऊन आलेल्या खेळाडूची मुलाखत घेतलीत तर पहिला प्रश्न 'कमबॅक कधी' हा नको. आज दिवस कसा गेला, हे विचारा ना.

दादूचं सांगते. तो परत कधीच मॅच खेळला नाही. कंपनीत एका भल्या साहेबांनी त्याला टेबलावरून उठवून ग्राउंडच्या देखभालीला दिला, मॅट घालणं, उचलणं, साफ करणं, तेच. मला क्लिअरवॉटर आठवलं. आता सकाळी सहा ते आठ तो चाळीतल्या आणि आजूबाजूच्या पोरांना शिकवतो, त्यात सात-आठ मुली आहेत. 1 सप्टेंबर 2014 पासून प्यायलेला नाही, पण हे तो असं बोलत नाही, विचारलं तर म्हणतो आज नाही घेतली. पुढच्या महिन्यात जुन्या खेळाडूंची एक मॅच आहे, त्याला बोलावणं आलंय, पाच मिनिटं तरी मैदानात उतर म्हणून. गुडघा बांधून उतरणार म्हणतोय. आईने विचारलं, रात्रीच्या जेवणाला थांबणार का. म्हणाला नाही, मॅच झाली की निघणार, साडेनऊला फोन येतो.

आपली,
एक वाचक आणि एका खेळाडूची बहीण, पुणे